पायऱ्या 832, पोकळी वजा जाता

चढायचं की उतरायचं, या एका प्रश्नावर आमच्याकडे लागोपाठ दोन संध्याकाळी खल झाला.

वॉटकिन्स ग्लेन स्टेट पार्कला जायचं हे नक्की होतं. सासू-सासऱ्यांची अमेरिकेची ही तिसरी खेप. नायगारा, न्यूयॉर्कची बोट, वॉशिंग्टनची संग्रहालयं हे सगळं आधीच्या दोन खेपांत उरकलेलं. ‘आता इमारती नकोत, झाडं-पाणी असं काहीतरी दाखवा,’ ही बाबांची फर्माईश. वॉटकिन्स ग्लेन न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनपासून गाडीनं साधारण चार तासांवर, न्यूयॉर्क राज्यात, सेनेका तलावाच्या दक्षिण टोकाशी आहे. एक लहानसा ओढा, त्यानं कापून काढलेली अरुंद, खोल घळ, दोन मैलांत 19 धबधबे आणि घळीच्या आतून, पाण्याला लागून जाणारी दगडी वाट. पार्कच्या माहितीत पायऱ्यांचा आकडाही दिलेला होता: 832.

तो वाचून मी हळूच आईंच्या गुडघ्यांकडे पाहिलं. वय 63, डावा गुडघा घासलेला, जिना चढताना दर तिसऱ्या पायरीला ‘आई गं’. मग मला जे कोणालाही सुचलं असतं तेच सुचलं. गाडीनं वरच्या प्रवेशाला जायचं आणि पायऱ्या उतरत खाली यायचं. उतार म्हणजे सोपं.

बाबांनी हा बेत पहिल्याच वाक्यात मोडीत काढला. ते पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेत, त्यामुळे कुठल्याही बेताला आधी ‘नाही’ म्हणायची त्यांना सवय आहे. ‘अगं, चढताना दम लागतो, गुडघा नाही लागत. उतरताना सगळं वजन गुडघ्यावर येतं. सज्जनगडावर बघ कधी. म्हातारी माणसं चढताना गप्पा मारत चढतात आणि उतरताना कठडा धरून आडवी चालतात.’ मला पटलं नाही. मी माझ्या फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीला फोन केला. तिनं तेच सांगितलं, फक्त जास्त मोठ्या शब्दांत. फोन ठेवला तेव्हा बाबा पेपर वाचत असल्यासारखं करत होते.

तेव्हा ठरलं असं: खालून, मुख्य प्रवेशापासून चढायचं. दर थोड्या वेळानं बसायचं. वर पोचलो की सगळ्यांनी वरच थांबायचं आणि नवऱ्यानं घळीच्या काठावरच्या रानवाटेनं एकट्यानं खाली जाऊन गाडी वर आणायची. त्यानं हे काम इतक्या आनंदानं अंगावर घेतलं की मला संशय आला. दीड मैल एकटं, कोणी काही विचारत नाही, कोणाला काही द्यायचं नाही. मलाही ते काम आवडलं असतं.

वयस्कर माणसांना घेऊन जाणाऱ्यांनी दोन-तीन गोष्टी आधी पाहाव्यात म्हणून सांगते. घळीतली वाट बाराही महिने उघडी नसते. हिवाळ्यात तिथं बर्फ साठतो, कड्यांवरून दगड सुटतात, म्हणून ती बंद ठेवतात आणि वसंतात साफसफाई करून उघडतात. आम्ही जूनच्या शेवटच्या आठवड्यात गेलो, तरी आधी फोन करून विचारून घेतलं. दुसरं, घळीत एकदा शिरलं की आत स्वच्छतागृह नाही. ती प्रवेशापाशीच आहेत. आईंना हे मी तीनदा सांगितलं, शेवटी त्या म्हणाल्या, ‘कळलं गं, मी काय बालवाडीत आहे का?’ तिसरं म्हणजे बूट. वाट सतत ओली असते, पाऊस नसला तरी. आईंच्या चपला मी सरळ कपाटात टाकल्या आणि चांगल्या तळाचे बूट आणले. ते घालून त्या दहा दिवस आमच्या कॉम्प्लेक्सला संध्याकाळच्या फेऱ्या मारत होत्या. बुटांवर पंजाबी ड्रेस घालायला त्या तयार झाल्या, पण अट घातली: फोटो गावाकडच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत.

आदल्या रात्री जवळच्या हॉर्सहेड्स गावात मोटेलमध्ये राहिलो. 1779 मध्ये, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, जनरल सलिव्हनच्या फौजेचे थकलेले घोडे इथं मारावे लागले, त्यांच्या कवट्या राहिल्या, त्यावरून हे नाव. सात वर्षांच्या माझ्या मुलाला ही गोष्ट इतकी आवडली की रात्री झोपायला साडेअकरा वाजले. त्यामुळे सकाळी आठला निघायचं ते नऊला निघालो. पार्किंगचे दहा डॉलर भरून गाडी लावली तेव्हा अजून बरीच जागा शिल्लक होती. दुपारी म्हणे ती मिळत नाही.

घळीचं तोंड चक्क गावाच्या मुख्य रस्त्यावर आहे. समोर दुकानं, आइस्क्रीमवाले, आणि रस्त्याच्या या बाजूला डोंगर उभा चिरलेला. ‘हे म्हणजे एसटी स्टँडच्या मागं धबधबा,’ बाबा म्हणाले. खडकात कोरलेल्या छोट्या बोगद्यातून वर गेलो, एक दगडी पूल ओलांडला आणि गाव संपलं. आवाज संपला म्हणणार होते, पण उलट झालं. पाण्याचा आवाज सुरू झाला तो शेवटपर्यंत राहिला. थंडावाही एकदम आला. बाहेर कपाळाला घाम होता, आत आईंनी ओढणी कानांवरून घेतली.

मुलानं पहिल्या पायरीपासून मोजायला सुरुवात केली होती. 832 खरंच आहेत का ते तो तपासणार होता. बाबांनी लगेच खिशातून डायरी काढली. ‘तू आकडा सांग, मी लिहितो. टप्प्याटप्प्यानं लिहायचं, म्हणजे चूक कुठं झाली ते सापडतं.’ दोघांची कंपनी जमली.

पहिल्या मोठ्या धबधब्याच्या, कॅव्हर्न कॅस्केडच्या, मागून वाट जाते. पाण्याचा पडदा एका हाताला, खडक दुसऱ्या हाताला. मुलं तिथं चार वेळा आत-बाहेर पळाली. त्यानंतर खडकाच्या पोटात वळत चढणारा बोगदा आहे. आत अंधार, पायऱ्या ओल्या. मी आईंचा दंड धरला तर त्यांनी सोडवून घेतला आणि हात भिंतीला लावला. ‘भिंत बरी. ती हलत नाही.’

त्या चढत होत्या आणि ‘आई गं’ ऐकू येत नव्हतं. बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. काही बोलले नाहीत, ही त्यांची मोठी कृपा.

बोगदा संपला की घळ कधी अरुंद होते, कधी उघडते. दोन्हीकडचे कडे काही ठिकाणी 200 फूट उंच. आणि ते सगळे थरांचे. एकावर एक हजारो पातळ थर, कोणीतरी चपात्यांची चळत रचून ठेवावी तसे. बाबांनी कड्यापाशी पडलेली एक कपची उचलली, बोटांत दाबली, ती तुटली. ‘हा बघ, पापडासारखा निघतो. आपल्याकडचा काळा कातळ असा नाही. तो लाव्हाचा.’ मग मुलीला समजावून सांगायला लागले. हा खडक समुद्राच्या तळाचा गाळ आहे, 38 कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात शेलसारखे मऊ थर आहेत आणि वालुकाश्माचे कठीण. पाणी मऊ थर पटकन खातं, कठीण थर अडून राहतो, म्हणून ओढा सरळ घसरत न येता पायरी पायरीनं पडतो. एवढी माहिती त्यांनी आदल्या आठवड्यात माझ्या लॅपटॉपवर बसून गोळा केलेली होती, पण थाट असा की हा ओढा त्यांच्याच शाखेत होता.

‘पण ही एवढी खोल दरी या एवढ्याशा ओढ्यानं कशी खणली?’ अकरा वर्षांच्या मुलीचा प्रश्न रास्त होता. तेही त्यांना माहीत होतं. हिमयुगात बर्फाच्या प्रचंड लोटानं आजच्या सेनेका तलावाची मोठी दरी खरवडून खोल केली. तिला बाजूनं येऊन मिळणारा हा ओढा मात्र उंचावरच लटकून राहिला. बर्फ मागं हटला आणि ओढ्याला एकदम मोठी उडी मिळाली. तेव्हापासून, गेली सुमारे 12,000 वर्षं, तो स्वतःला खाली खाली कापत चालला आहे. ‘आणि तो तलाव किती खोल माहितेय? 188 मीटर. आमचं कोयनेचं धरण 103 मीटर उंच. त्यात ते उभं केलं तर वर अजून 85 मीटर पाणी राहील.’ नोकरीची बरीच वर्षं बाबांनी कोयनेवर काढली. त्यांचं कुठलंही मोजमाप शेवटी कोयनेला येऊन टेकतं.

सगळ्यात उंच धबधबा, सेंट्रल कॅस्केड, सुमारे 60 फुटांचा. फोटो काढले आणि पुढं गेलो. खरं सांगायचं तर पाचव्या-सहाव्या धबधब्यानंतर मला ते वेगवेगळे ओळखता येईनात. पण त्याच्या वरच्या बाजूला ओढ्याच्या पात्रात खोल गोल खड्डे आहेत, एकात एक सांडणारे, कडा घासून गुळगुळीत झालेल्या. तिथं आई थांबल्या. ‘अहो, हे निघोजच.’

बाबाही वाकून बघायला लागले. निघोजला, कुकडी नदीच्या पात्रात, असेच रांजणखळगे आहेत. भोवऱ्यात दगड-गोटे अडकतात, गरगर फिरतात आणि खडक आतून कोरत जातात. युक्ती तीच, फक्त तिथं कातळ काळा नि टणक, इथं राखाडी नि ठिसूळ. आई मळगंगेच्या दर्शनाला दोनदा गेल्या होत्या. ‘तिथं आम्ही वाकून बघितलं तर तुझ्या आजोबांनी माझा पदर धरून ठेवलेला,’ त्यांनी मुलीला सांगितलं. बाबा म्हणाले, ‘तेव्हा कठडा नव्हता.’

इथं कठडा होता. आणि त्यावरूनच पुढचं सगळं निघालं.

बराच वेळ बाबांचं लक्ष पाण्याकडे नव्हतंच, बांधकामाकडे होतं. वाटेच्या कडेचा कठडा त्याच घळीतल्या दगडाचा, आडव्या थरांनी असा रचलेला की लांबून कडा कुठं संपला आणि बांधकाम कुठं सुरू झालं ते कळू नये. पाणी वाटेवर साठू नये म्हणून जागोजागी उतार दिलेले, कठड्याच्या पायथ्याला भोकं ठेवलेली. बाबा प्रत्येक भोकापाशी वाकत होते. ‘निचरा बघ. एवढ्या पाण्यात बांधकाम टिकलंय ते यामुळं.’

आईंना बसायचं होतं, म्हणून एका रुंद जागी कठड्याला टेकून बसलो. मी वाचलेलं सांगितलं. 1863 मध्ये ही घळ पहिल्यांदा तिकीट लावून लोकांना दाखवायला सुरुवात झाली, तेव्हा ती खाजगी होती. 1906 मध्ये राज्यानं विकत घेतली. मग 1935 च्या जुलैमध्ये इतका मोठा पूर आला की वाटा, पूल उद्ध्वस्त झाले. तो महामंदीचा काळ. बेकार तरुणांना काम द्यायला रूझवेल्ट सरकारनं एक दल काढलं होतं, सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर. त्या पोरांनी ही वाट नव्यानं बांधली. महिन्याला 30 डॉलर मिळायचे, त्यातले 25 थेट घरी पाठवले जायचे.

‘म्हणजे रोजगार हमी,’ बाबा म्हणाले.

‘दुष्काळी काम म्हणायचो आम्ही,’ आई म्हणाल्या.

माझं लग्न होऊन चौदा वर्षं झाली. मी डोंबिवलीची. आईंचं माहेर माणमधलं, दहिवडीच्या पुढं, दुष्काळी भागातलं, एवढंच मला माहीत होतं. दुष्काळ हा त्यांच्या बोलण्यात पाणी वाया घालवू नका म्हणण्यापुरता यायचा.

‘बहात्तरला मी अकरा वर्षांची. शाळा बंदच होती म्हण. आमच्या गावापासून रस्त्याचं काम निघालेलं. आई खडी फोडायला बसायची, मी पाटीतनं न्यायची. खडीचा ढीग लावायचा, चौकोनी, चारी बाजू सारख्या. दुपारी सुकडी मिळायची. लाल मिलो घरी आणायचो, त्याची भाकरी.’ त्या कठड्याच्या दगडावरून हात फिरवत होत्या. ‘ही बघ छिन्नी. हातानं घडवलाय.’ दगडाच्या तोंडावर खरंच बारीक तिरक्या खुणा होत्या. मी तासभर त्याच कठड्याच्या कडेनं चालत होते, मला दिसल्या नव्हत्या.

मुलीनं विचारलं, ‘आजी, तुला किती पैसे मिळायचे?’

‘मला कुठले? आईच्या नावावर. तेही ढीग मोजून. आणि ढीग मोजायला साहेब यायचे.’ आता त्यांनी बाबांकडे पाहिलं. ‘टेप लावायचे, वहीत लिहायचे आणि म्हणायचे, ढीग पोकळ आहे, इतकं वजा. दर वेळी वजा. आई दिवसभर बसून फोडायची, हाताला चिंध्या बांधून, आणि यांच्या वहीत पोकळी.’

बाबा कोऱ्या चेहऱ्यानं म्हणाले, ‘मी तेव्हा शाळेत होतो.’

‘तुमच्यासारखेच साहेब म्हणतेय मी.’

‘खडीच्या ढिगात पोकळी असतेच. दगड-दगडात हवा राहते. एक ब्रास ढीग म्हणजे एक ब्रास दगड नव्हे. वजावट नियमातच होती.’

‘असेल की नियमात. आईला कोणी सांगितला नव्हता.’

पाण्याचा आवाज एवढा की कोणी गप्प बसलं तरी ते अवघडल्यासारखं वाटत नाही. बाबांनी डायरीचं पान उलटलं, पेन उघडलं, परत बंद केलं. नवरा मुलाच्या बुटाची नाडी बांधत होता. ती बांधलेलीच होती. नंतर गाडीत त्यानं मला सांगितलं की आजी खडी फोडायला जायची हे त्याला माहीत होतं, पण आईही जायची हे त्यानं पहिल्यांदा ऐकलं.

आईच आधी उठल्या. ‘चला. बसून गुडघा आखडतो.’

पुढं रेनबो फॉल्स. सगळ्या फोटोंत असतो तो हाच. कड्याच्या कपाळावरून पाणी झालरीसारखं खाली येतं, वाट त्याच्या मागून जाते, पुढं लहानसा कमानीचा पूल. ऊन कलल्यावर तिरीप आत आली की इंद्रधनुष्य दिसतं म्हणतात. आम्ही सकाळचे. मुलगा वैतागला, ‘नावात रेनबो आहे ना!’ मी ओली झाले, चष्मा पुसायला कोरडं कापड राहिलं नाही, आणि पुढचा पाव मैल मी सगळं धुक्यात पाहिलं. चष्मेवाल्यांनी रुमाल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा.

त्यानंतर घळ हळूहळू उथळ होते, धबधबे संपतात, साधी रानवाट लागते. तिथं गर्दी एकदम कमी झाली. बरेच लोक वाटेतल्या पुलावरूनच मागं फिरतात, कारण शेवटी ‘जेकब्ज लॅडर’ उभी असते: सलग 180 पायऱ्या. आम्हीही विचारलं, आई, इथून परत जायचं का? परत म्हणजे पुन्हा उतार. त्यांनी वर पाहिलं. ‘जेजुरीला किती असतात?’ कोणाला आकडा आठवेना. ‘मग ह्या कमीच असतील,’ असं म्हणून चढायला लागल्या.

वीस पायऱ्या, थांबा. वीस पायऱ्या, थांबा. मुलगा वर पळायचा, आजी कुठं आली बघायला खाली यायचा, परत वर. बाबा आईंच्या एक पायरी मागं चालत होते. हात धरला नव्हता, पण दोन्ही हात पुढं, झेलायला तयार. चाळीस वर्षांपूर्वीचा निघोजचा पदर मला तेव्हा आठवला. 180 पायऱ्यांना आम्हाला पंचवीस मिनिटं लागली. निघाल्यापासून सगळं मिळून साडेतीन तास. दीड मैलाला. आमच्या मागून आलेल्या एका आजोबांनी तेवढ्यात वर जाऊन, परत खाली येऊन आम्हाला दोनदा ‘गुड जॉब’ म्हटलं.

वर मोकळी जागा, झाडं, बाकं. नवरा पाण्याची बाटली संपवून लगेच रानवाटेला लागला, शीळ घालत. मी डबे उघडले. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही. दही गळून धपाट्यांच्या फॉइलमध्ये गेलेलं, त्यामुळे खालचे तीन ओले. मुलांनी तेच आधी संपवले.

‘आबा, टोटल?’ मुलगा.

बाबांनी डायरी मांडीवर घेतली, टप्प्यांचे आकडे एकाखाली एक मांडले, बेरीज केली, परत केली. ‘911.’

‘पण 832 पाहिजेत ना?’

‘हं. जास्त आलेत.’ बाबा आकड्यांवरून पेन फिरवत होते. ‘शेवटच्या टप्प्यात गडबड आहे. तू आजीला बघायला सारखा खाली येत होतास. त्या पायऱ्या दोनदा धरल्या गेल्या. त्या वजा...’

आई धपाट्याला चटणी लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘चढलाय ना तो?’

बाबा थांबले.

‘मग धरा पुरत्या.’

त्यांनी डायरीत 911 च्या खाली रेघ मारली, शेजारी तारीख घातली, ‘मोजमाप घेतले’ असं लिहिलं, आणि मुलाची सही घेतली. त्यानं इंग्रजीत केली, मोठी, दोन ओळींवर. मग बाबांनी डायरी आईंच्या पुढं धरली. ‘तपासून घ्या.’

चष्मा त्यांच्या पर्समध्ये होता आणि पर्स गाडीत. त्यांनी डायरी लांब धरली, जवळ धरली, आकड्यावर चटणीचं बोट उमटवलं आणि परत दिली.